देव खाली उतरतो, मग भक्ताचा हट्ट कशासाठी?

वैशाखाचे ऊन कंधारच्या किल्ल्याच्या तटावर रणरणू लागते, मन्याडचे पात्र आटते, शाळांना सुट्ट्या लागतात आणि नांदेड-लातूरच्या गावोगावी उत्तरेच्या यात्रेची लगबग सुरू होते. चौकाचौकांत 'चारधाम', 'केदार-बद्री' असे फलक झळकतात. पुढे आषाढ जवळ आला की अमरनाथच्या जथ्यांची जमवाजमव होते. नांदेडचा शीख बांधव हेमकुंड साहिबच्या दर्शनाची आस धरून असतो. घरची सून सासूबाईंच्या पिशवीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्यांचे तेल आणि 'लागला तर असू द्या' म्हणून एक स्वेटर भरते. निरोपाला भावकी जमते, नारळ फुटतो, जयघोष होतो आणि गाडी हलते.

या साऱ्या सोहळ्यात एक प्रश्न मात्र कुणीही विचारीत नाही. वर बर्फाचे वादळ आले, तर या माणसांना माघारी फिरविण्याचा अधिकार कुणाकडे आहे?

प्रश्न अशुभ वाटतो, म्हणून तो टाळला जातो. निघणाऱ्याला 'कुठे' असेही विचारू नये, ही जुन्या माणसांची रीत. परंतु हिमालय ही रीत पाळीत नाही. कंधारच्या वेशीत बेचाळीस अंशांच्या उन्हात हारतुरे घेतलेला गृहस्थ चार-पाच दिवसांत ११ हजार ७०० फुटांवरील केदारनाथला पोहोचतो. बालाघाटच्या या भागातील टेकड्या तीन हजार फुटांचीही उंची गाठत नाहीत. ज्याने आयुष्यात गारपिटीपलीकडे बर्फ पाहिलेला नाही, तो एकाएकी बर्फाच्या राज्यात उभा राहतो. त्याच्या पायांत असते कापडी बूट, अंगात असतो सुती सदरा आणि मनात असते एकच वाक्य : 'देव तारील.'

या वाक्यातील श्रद्धा वंदनीय आहे. या वाक्याच्या आडोशाने चालणारा निष्काळजीपणा मात्र वंदनीय नाही. तो श्रद्धेचा भाग नाही, परंपरेचा नाही आणि धर्माचा तर मुळीच नाही.

१९९६ : गोळीला उत्तर होते, वाऱ्याला नव्हते

या निष्काळजीपणाची किंमत देशाने एकदा मोजली आहे. १९९६ सालचा ऑगस्ट महिना होता. काश्मिरात दहशतवाद धुमसत होता. त्याआधीच्या वर्षांत अमरनाथ यात्रा बंद पाडण्याच्या धमक्या उघडपणे दिल्या गेल्या होत्या. त्या धमक्यांना हिंदू समाजाने दिलेले उत्तर तेजस्वी होते. हिंदुत्वनिष्ठ संघटनांनी आवाहन केले, देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे निघाली आणि यात्रेकरूंची संख्या लाखाच्या घरात गेली. 'यात्रा होणारच' हा निर्धार त्या वर्षी सिद्ध झाला. बंदुकीने यात्रा अडली नाही.

ती अडली हवेने. ऑगस्टच्या उत्तरार्धात हिमालयाच्या त्या भागात अवेळी पाऊस कोसळू लागला आणि पाहता पाहता त्याचे बर्फवृष्टीत रूपांतर झाले. चंदनवाडीहून पिस्सू घाटी चढून शेषनाग, तेथून सुमारे १४ हजार फुटांची महागुनस खिंड, मग पंचतरणी आणि शेवटी १२ हजार ७०० फुटांवरील पवित्र गुहा, असा तो मार्ग आहे. अरुंद पायवाटेवर पुढे जाणारे आणि दर्शन घेऊन परतणारे समोरासमोर अडकले. तंबू पुरले नाहीत. कोरडे कपडे नव्हते. अनेकांच्या अंगावर मैदानी प्रदेशातील पावसाळ्याला पुरतील एवढेच कपडे होते. लष्कराने आणि निमलष्करी दलांनी जिवाचे रान करून हजारोंना खाली आणले. तरीही २४०हून अधिक यात्रेकरूंनी प्राण गमावले.

यातील बहुसंख्य माणसे कशाने गेली, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्यांच्यावर कडा कोसळला नव्हता. हिमस्खलनाने त्यांना गाडले नव्हते. ती गेली ओल्या कपड्यांनी, थंडीने आणि थकव्याने. म्हणजे ज्या गोष्टींची तरतूद घर सोडण्यापूर्वी करता येते, नेमक्या त्याच गोष्टींनी त्यांचा घात केला.

शत्रूच्या गोळीला धैर्याने उत्तर देता येते, वाऱ्याला उत्तर देता येते ते केवळ तयारीने. १९९६ साली समाजाजवळ धैर्य उदंड होते आणि तयारी शून्य होती. आवाहन करणाऱ्यांनी माणसे जमविली, त्यांच्या अंगावर लोकर आहे की नाही हे पाहिले नाही. हा दोष कबूल करण्यात कोणताही कमीपणा नाही. तो दडवून ठेवण्यात मात्र मृतांचा अपमान आहे.

केंद्र सरकारने त्यानंतर डॉ. नीतीश सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. दररोज सोडावयाच्या यात्रेकरूंच्या संख्येला मर्यादा, नोंदणी, वयाची आणि शारीरिक क्षमतेची अट, मार्गावर निवारे, अशा दिशेने समितीच्या शिफारशी होत्या. २००० साली कायदा होऊन श्री अमरनाथ देवस्थानासाठी स्वतंत्र मंडळ आले. २०१२ साली यात्रेतील मृत्यूंची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आज आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे आणि प्रत्येक यात्रेकरूचा ठावठिकाणा कळावा म्हणून गळ्यात इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र असते. या प्रत्येक नियमामागे कुणाचे तरी प्रेत आहे.

आणि समाज काय करतो? ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासताच प्रमाणपत्र मिळेल का, याची खटपट करतो. आजोबांचे वय कागदावर दोन वर्षांनी कमी करतो. देवाच्या दारी जाण्यासाठी खोटा कागद! ज्या घरात सत्यनारायणाच्या पूजेचा प्रसाद चुकला म्हणून जीव कासावीस होतो, त्याच घरात हा खोटेपणा कुणाला खटकत नाही, यासारखा दैवदुर्विलास नाही.

बर्फ कुणाचा भक्त नसतो

बालाघाटचा शेतकरी आभाळ वाचतो. रोहिणीचा ढग कोणता आणि वळवाचा कोणता, हे त्याला न सांगता कळते. वीज कडाडू लागली की तो झाडाखाली थांबत नाही. हे ज्ञान पिढ्यांनी कमावलेले आहे. पण ते बालाघाटचे ज्ञान आहे. हिमालयाचे आभाळ वेगळे, त्याची भाषा वेगळी. ती शिकल्याखेरीज तेथे पाऊल टाकणे म्हणजे पोहता न येणाऱ्याने गोदावरीच्या पुरात उतरणे होय.

हिमस्खलन कसे होते? शेतकऱ्याला समजेल असे उदाहरण घ्यावे. उतरत्या ओट्यावर ज्वारीचे दाणे पसरले आणि त्यांवर शहाबादी फरशी ठेवली, तर ती काही काळ स्थिर वाटेल. तिच्यावर आणखी एक फरशी ठेवली किंवा कुणी पाय दिला, की सारेच घसरून खाली येईल. डोंगरावरील बर्फाचे तसेच आहे. जुन्या बर्फात कुठे तरी दाणेदार, भुसभुशीत थर असतो. त्यावर वादळाने नव्या बर्फाचा जाड थर रचला की भार वाढतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सर्वांत घातक असतो. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा घसरत नाही आणि त्याहून उभ्या कड्यावर तो फारसा साठत नाही. बर्फवृष्टी चालू असताना आणि ती थांबल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत धोका सर्वाधिक असतो. वादळ ओसरून लख्ख ऊन पडले की मैदानातला माणूस म्हणतो, 'चला, उघडीप झाली!' पहाडातला जाणता माणूस त्याच वेळी म्हणतो, 'आज थांबा.' आणि सर्वांत बोचणारी गोष्ट ही की, हिमस्खलनात सापडलेल्या प्रवाशांच्या बाबतीत त्या थराला शेवटचा धक्का बहुधा त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्यांच्याच पावलांचा असतो.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला, तर वाचण्याची आशा मोठी असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने मावळते. कोसळून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो. हेलिकॉप्टर येईपर्यंत, सरकारी पथक पोहोचेपर्यंत ही मिनिटे केव्हाच सरलेली असतात. म्हणजे वाचविणारा असतो तो शेजारी चालणारा सोबतीच. त्याला काय करायचे हे ठाऊक नसेल, तर बाकी साऱ्या यंत्रणेला केवळ प्रेते शोधण्याचे काम उरते.

बर्फ अनुभवाचीही पत्रास ठेवीत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रशिक्षण वर्ग 'द्रौपदी का डांडा' या शिखरावर हिमस्खलनात सापडला आणि २९ जण गमावले गेले. त्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात अवघ्या सोळा दिवसांच्या अंतराने एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर करणारी ती हिमालयाची लेक होती. ऑक्टोबर २०२१मध्ये हिमाचलातील रोहडूहून किन्नौरकडे निघालेल्या चमूतील महाराष्ट्राचे तीन पदभ्रमणकर्ते बर्फवृष्टीत गारठून गेले. उरलेल्या दहा जणांना भारत-तिबेट सीमा पोलिसांनी खाली आणले. जून २०२४मध्ये शेजारच्या कर्नाटकातून उत्तराखंडातील सहस्रतालकडे गेलेल्या २२ जणांच्या चमूला, त्यात एक महाराष्ट्रातील होता, हिमवादळाने गाठले आणि नऊ जण परतले नाहीत. फेब्रुवारी २०१६मध्ये सियाचीनवर सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवरील सोनम चौकी बर्फाखाली गेली आणि दहा जवान हुतात्मा झाले. त्यांत एक सातारा जिल्ह्याचा सुपुत्र होता. धारवाडचे लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले, साऱ्या देशाने देव पाण्यात ठेवले, तरी तो वीर वाचला नाही.

जवानाचे तेथे असणे हे कर्तव्य आहे. त्याला पर्याय नाही. तरीही तो दोराने एकमेकांना बांधून घेऊन चालतो, ताज्या हिमवृष्टीनंतर थांबतो, बर्फ घट्ट असताना मार्ग आक्रमितो आणि वरिष्ठाचा हुकूम आल्याशिवाय पुढे सरकत नाही. ज्याला जाणे भाग आहे तो एवढी शिस्त पाळतो. ज्याला थांबण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे त्या यात्रेकरूने आणि हौशी तरुणाने शिस्त झुगारावी, हे कोणते शौर्य?

प्रारब्धवाद्यांना काही प्रश्न

'मृत्यू लिहिलेला असेल तर तो घरीही येईल', 'केदारच्या दारात मरण म्हणजे मोक्ष', 'पांडवही हिमालयातच गेले' असे सांगणारी मंडळी प्रत्येक गावात भेटतात. बहुधा ती स्वतः घरीच असतात.

पांडवांचा दाखला देणाऱ्यांनी महाभारत पुन्हा उघडावे. धर्मराजाने परीक्षिताला राज्यावर बसविले, सर्व कर्तव्ये उरकली, वल्कले नेसली आणि मग महाप्रस्थान केले. पांडव परतीचे तिकीट काढून निघाले नव्हते. कंधारचा गृहस्थ मात्र परतीचे तिकीट काढून निघतो. मृगाच्या आत पेरणीसाठी परतायचे असते, मुलीचे लग्न ठरवायचे असते, सोसायटीचे कर्ज फेडायचे असते. त्याची यात्रा हे महाप्रस्थान नाही, ते गृहस्थाश्रमातील व्रत आहे. ते यथासांग पार पाडून सुखरूप घरी येणे, हाच त्या व्रताचा उत्तरार्ध आहे. गावी परतून केलेल्या मावंद्याशिवाय यात्रेची सांगता होत नाही, असे मराठी घरात मानतात ते उगीच नव्हे.

याहून मोठा दाखला खुद्द केदारनाथाचा आहे. दरवर्षी भाऊबीजेला केदारनाथाची कवाडे बंद होतात. देवाची उत्सवमूर्ती डोलीत बसून खाली ऊखीमठाच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. सारा हिवाळा देवाची पूजा तेथेच होते. बद्रीनाथाची पूजा जोशीमठ-पांडुकेश्वरात येते, गंगामाई मुखबा गावी येते, यमुनामाई खरसाली गावी येते. नांदेड-लातूरच्या वीरशैव समाजाला तर ऊखीमठ मुळीच परका नाही. पंचपीठांतील केदारपीठ तेच. शतकानुशतके रावळ आणि पुजारी हा क्रम पाळीत आले आहेत. महाशिवरात्रीला तिथी पाहून कवाडे उघडण्याचा मुहूर्त ठरतो. त्याच्या आधी कुणी वर जाण्याचा हट्ट धरीत नाही.

या परंपरेचा अर्थ काय? बर्फाची वेळ आली की साक्षात देवही खाली उतरतो. सर्वशक्तिमान महादेवाला हिमवादळाचे भय होते म्हणून नव्हे, तर त्याच्या सेवेकऱ्यांचे प्राण राखायचे होते म्हणून पूर्वजांनी ही व्यवस्था बसविली. माघार घेणे हा अधर्म असता, तर ही डोली दरवर्षी वाजतगाजत खाली आली नसती. जो भक्त 'हवामान खाते काहीही सांगो, आम्ही जाणारच' म्हणून गर्जतो, तो देवापेक्षा मोठा झाला काय?

आणि लातूर जिल्ह्याला तर प्रारब्धवादाचे उत्तर बाहेरून आणण्याची गरजच नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली. या भागातील स्वयंसेवकांनी आपल्या हातांनी ती प्रेते उचलली, अग्नी दिला. त्यानंतर लातूरच्या माणसाने 'नशिबात होते' म्हणून पुन्हा तशाच भिंती रचल्या नाहीत. भूकंपाला तोंड देतील अशी घरे उभी राहिली. जमीन हलणार हे कुणी थांबवू शकत नाही. छत डोक्यावर पडू नये, एवढे मात्र माणसाच्या हाती असते. किल्लारीने शिकविलेला हा धडा केदारच्या वाटेवर विसरायचा कशासाठी?

टिंगल करणारे आणि गल्ला भरणारे

प्रत्येक दुर्घटनेनंतर स्वतःला पुरोगामी म्हणविणाऱ्यांची एक फळीही पुढे सरसावते. 'कशाला जातात हे लोक?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एव्हरेस्टवर मृत्यू पावलेला गिर्यारोहक यांच्या लेखी साहसवीर असतो आणि केदारच्या वाटेवर कोसळलेली म्हातारी अंधश्रद्धेचा बळी. हा दुटप्पीपणा उघडा पाडलाच पाहिजे. केरळचा नंबुद्री बद्रीनाथाची पूजा करतो, दक्षिणेतला वीरशैव केदारनाथाचा रावळ होतो आणि मराठवाड्यातील शेतकरी त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहतो, हे राष्ट्र जोडणारे सूत्र आहे. यात्रा थांबवा, हा उपाय नव्हेच. पण टिंगल करणाऱ्यांच्या हाती कोलीत कोण देतो? तयारीविना माणसे वर पाठविणारेच देतात.

या फळीपेक्षा अधिक घातक आहेत ते यात्रेचा बाजार मांडणारे. जुन्या काळी यात्रेकरू हरिद्वार-ऋषीकेशहून पायी निघत. चट्टी-चट्टीवर मुक्काम करीत, तीन-तीन आठवडे चढत. त्या संथ चालीने शरीर विरळ हवेला सरावत असे. आज 'नऊ दिवसांत चारधाम' अशी जाहिरात होते. गुप्तकाशी-फाट्याहून उडालेले हेलिकॉप्टर काही मिनिटांत माणसाला पावणेबारा हजार फुटांवर उतरविते. डोके दुखते, उलट्या होतात, पाय लटपटतात; ही विरळ हवेने जडलेल्या विकाराची लक्षणे असताना 'प्रवासाने पित्त झाले' म्हणून गोळी दिली जाते. त्यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे तत्काळ खाली उतरणे. पण खाली उतरण्यासाठी वेळापत्रकात दिवसच ठेवलेला नसतो! एक दिवस वाढला की हॉटेलचे भाडे वाढते, आगगाडीचे आरक्षण हुकते, नफा घटतो. वादळातही जथा पुढे हाकला जातो तो भक्तीपोटी नव्हे, या हिशेबापोटी.

हौशी तरुणांचा प्रकार निराळा, पण जातकुळी तीच. शहरात शिकायला गेलेली मुले चित्रफीत पाहून भर हिवाळ्यात बर्फाच्या शिखरावर निघतात. मार्गदर्शकाचे शिक्षण कुणाजवळ विचारीत नाहीत. आई-वडिलांना 'मनालीला चाललोय' एवढेच सांगितलेले असते.

दिंडीची शिस्त हिमालयात न्यावी

यावर उपाय परदेशातून आयात करायला नको. महाराष्ट्राच्या मातीत तो सात शतके रुजलेला आहे. पंढरीच्या वारीत लाखो माणसे चालतात, तरी कुणी वाट चुकत नाही. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, विणेकरी असतो, प्रमुख असतो. मुक्काम ठरलेले असतात. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. त्या वेळी 'मला पुढे जायचे आहे' असे म्हणणारा वारकरी जन्माला यायचा आहे. माउलींच्या पालखीपुढे आज्ञा मानणारा हाच समाज हिमालयात गेल्यावर बेशिस्त होतो, कारण तेथे त्याच्याबरोबर चोपदार नसतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की, कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर अशा कोणत्याही तालुक्यातून हिमालयाकडे निघणाऱ्या प्रत्येक जथ्याला एक प्रमुख असावा, आणि 'येथून मागे फिरा' हा त्याचा शब्द अखेरचा मानण्याची शपथ निघण्यापूर्वी ग्रामदैवतासमोर सर्वांनी घ्यावी. वर वादळात मतदान घेत बसता येत नाही. दुसरी गोष्ट, प्रवासाच्या वेळापत्रकात किमान दोन दिवस राखीव असावेत. ते नसतील तर त्या आयोजकाकडे पैसे भरू नयेत. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज हजार-दीड हजार फुटांहून अधिक वाढवू नये, हा नियम त्याच राखीव दिवसांतून पाळता येतो.

तिसरी गोष्ट पेहरावाची. सुती कपडा ओला झाला की अंगाची ऊब शोषून घेतो. लोकर ओली होऊनही बरीच ऊब राखते. म्हणून अंगालगत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, वर पाणी व वारा न शिरणारे जाकीट, टोपी, हातमोजे आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड, ही चैन नसून कवच आहे. थरथर सुटली, जीभ जड झाली, पाय अडखळू लागले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर शरीर गारठत चालल्याची ती खूण आहे. त्याला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे. मद्य कदापि देऊ नये आणि अंगाला बर्फ चोळण्याचा अडाणीपणा करू नये.

चौथी गोष्ट वाटेची. ताज्या हिमवृष्टीनंतर किमान एक-दोन दिवस थांबावे. केदारच्या वाटेवरील बर्फाचे नाले असोत वा हेमकुंडच्या वाटेवरील अटलाकोटी असो, जेथे वरून बर्फ उतरतो तेथे छायाचित्रे काढीत उभे राहू नये. अटलाकोटीजवळ जून २०२३मध्ये बर्फ कोसळून एका यात्रेकरू भगिनीचा प्राण गेला आहे. अशी जागा एकेकाने, मध्ये अंतर ठेवून, सकाळच्या प्रहरी ओलांडावी; बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. कुणी सापडलाच, तर तो अखेरचा जेथे दिसला ती जागा नजरेतून सुटू देऊ नये आणि पुन्हा बर्फ येण्याचा धोका नाही हे पाहून लगेच शोध सुरू करावा. सापडणाऱ्याने बर्फ थांबण्याच्या सुमारास दोन्ही हात तोंडापुढे आणून श्वासापुरती पोकळी राखावी.

पाचवी गोष्ट शासनाची. चंदीगडची संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था हिमालयातील हिमस्खलनाच्या धोक्याचे इशारे धोक्याच्या पाच पायऱ्यांनी देते. भारतीय हवामान खाते पावसाचे, बर्फाचे अंदाज देते. हे इशारे मराठी यात्रेकरूपर्यंत मराठीतून पोहोचविणे राज्य शासनाला अशक्य आहे काय? गोदावरीला पूर आला की नांदेडची जिल्हा आपत्ती यंत्रणा गावोगावी दवंडी पिटते. मग जिल्ह्यातून हिमालयात गेलेल्या माणसांची नोंद तिने का ठेवू नये? २०१३च्या केदारनाथ प्रलयात महाराष्ट्रातील किती कुटुंबे आपले माणूस कोठे आहे या चिंतेत दिवस-रात्र दूरध्वनीजवळ बसून होती, हे एवढ्यात विसरले जाऊ नये.

आणि हे सारे शासनावर सोडून कार्यकर्त्यांना हात झटकता येणार नाहीत. भूकंपात, पुरात, दुष्काळात धावून जाणारा कार्यकर्ता ही या संघटनेची ओळख आहे. परंतु प्रेते उचलणारी सेवा जेवढी थोर, त्याहून प्रेत पडू न देणारी सेवा थोर. अक्षय्य तृतीयेच्या आधी प्रत्येक तालुक्याच्या गावी यात्रेकरूंची एक बैठक घ्यावी, गावातील डॉक्टरांनी प्रत्येकाची खरीखुरी तपासणी करावी, बर्फात सेवा बजावून निवृत्त झालेल्या एखाद्या माजी सैनिकाने तासभर बोलावे, आणि ज्याचे शरीर साथ देणार नाही त्याला 'या वर्षी नको' असे प्रेमाने पण ठामपणे सांगावे. एवढ्यासाठी मोठा निधी लागत नाही.

कंधारच्या किल्ल्याभोवती खंदक आहे. राष्ट्रकूटांच्या काळापासून नाव मिळविलेल्या या नगरीत तो ज्यांनी खणला, त्यांचा देवावर विश्वास नव्हता असे कोण म्हणेल? पण वेढा पडल्यावर खंदक खणता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. शत्रू दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांनी कुदळ हाती घेतली. हिमालयाचे वादळही वर्दी देऊन येत नाही. पुढच्या वैशाखात कंधारच्या वेशीवर नारळ फुटेल, तेव्हा तो फोडणाऱ्याने आधी एवढेच विचारावे : बाबांनो, मागे फिरा असे सांगणारा तुमच्यात कोण आहे, आणि त्याचे ऐकणार ना?